व्हिसा लागत नाही, तरी छाननी होतेच: ईस्टा कोणी भरावा, कोणी भरू नये

विचारणा थोडक्यात अशी आहे. प्रश्नकर्ते मूळचे गोव्यातल्या बार्देशचे, आता इंग्लंडमधल्या स्विंडनला स्थायिक, पासपोर्ट पोर्तुगालचा. डिसेंबरात न्यू जर्सीला चुलतबहिणीच्या घरी लग्न आहे. पूर्वी भारतीय पासपोर्ट असताना मुंबईत अमेरिकेचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता. 2014 ते 2017 मालवाहू जहाजावर नोकरी केली, त्यात जहाज दोनदा इराणच्या बंदर अब्बासला लागले होते. पत्नीचा पासपोर्टही पोर्तुगीज, मुलगा ब्रिटिश नागरिक आणि आई गोव्याहून भारतीय पासपोर्टवर येणार. सगळ्यांचा ईस्टा, म्हणजे व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यायची मंजुरी, एकत्र काढता येईल का आणि जुना नकार सांगायलाच हवा का, असा प्रश्न आहे.

आधी निकाल सांगतो, कारणे मागून. पत्नी आणि मुलगा यांनी ईस्टा काढावा, प्रत्येकाचा वेगळा. तान्हे मूल असते तरी त्याचाही वेगळाच लागला असता. तुम्ही स्वतः ईस्टाच्या वाटेला न जाता लंडनच्या अमेरिकी दूतावासात बी-1/बी-2, म्हणजे पर्यटन किंवा कामानिमित्त भेटीच्या, व्हिसाचा अर्ज आजच करा. आईंना ईस्टाचा काहीही उपयोग नाही, त्यांना मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच लागेल. आणि नकार सांगायलाच हवा, तो कोणत्या पासपोर्टवर आला होता याने फरक पडत नाही.

आता हे असे का, ते पाहू. ‘व्हिसा लागत नाही’ या शब्दांमुळे बरेच जण समजतात की विमानतळावर उतरेपर्यंत आपल्याला कोणी विचारणारच नाही. 2009 पर्यंत ते बऱ्याच अंशी खरेही होते. अमेरिकेची व्हिसामाफी योजना 1986 च्या कायद्याने प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि 2000 साली कायम झाली. पोर्तुगाल त्यात 1999 मध्ये आला. तेव्हा प्रवासी विमानातच आय-94डब्ल्यू नावाचा हिरवा फॉर्म भरायचा. तुम्ही दहशतवादी आहात का, तुम्हाला कधी हद्दपार केले आहे का, हे प्रश्न अटलांटिकवर उडत असताना विचारले जायचे आणि अधिकाऱ्याच्या हाती ती उत्तरे पडायची तेव्हा माणूस अमेरिकेच्या दारात उभा असायचा. झकारिया मूसावी फेब्रुवारी 2001 मध्ये फ्रेंच पासपोर्टवर व्हिसाशिवायच शिकागोला उतरला होता. त्याच वर्षी 22 डिसेंबरला पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बुटात स्फोटके घेऊन बसलेला रिचर्ड रीड ब्रिटिश पासपोर्टधारक होता. योजना बंद करणे परवडणारे नव्हते, म्हणून छाननीची वेळ अलीकडे आणली गेली. 2007 च्या कायद्यात ईस्टाची तरतूद झाली आणि 12 जानेवारी 2009 पासून तो सक्तीचा झाला. विमान आणि जहाजासाठी तेव्हापासून, तर कॅनडा-मेक्सिकोच्या जमिनीवरील सीमेसाठी 1 ऑक्टोबर 2022 पासून.

या छाननीत नेमके काय होते, हे कळले की फॉर्म भरताना कुठे जपायचे ते आपोआप कळते. अर्ज पाठवल्यावर तुमचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि उत्तरे अमेरिकी सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाच्या यंत्रणेतून जातात. दहशतवादविषयक निगराणी यादी, हरवलेल्या व चोरीच्या पासपोर्टांची इंटरपोलची यादी, व्हिसा-नकारांच्या आणि आधीच्या प्रवेश-निर्गमनाच्या नोंदी, कायदा-अंमलबजावणीच्या नोंदी अशा सगळ्यांशी ताळा घेतला जातो. स्वच्छ अर्ज बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत मंजूर होतो. कुठे नाव जुळले, तारीख अर्धवट जुळली, उत्तर ‘हो’ असले, तर तो माणसाच्या हाती जातो. म्हणूनच निघण्याच्या किमान 72 तास आधी भरा असे सांगितले जाते. माझे मत विचाराल तर तिकीट काढण्याच्या आधी भरा. नाकारला गेला तर व्हिसाला वेळ लागतो आणि परत न मिळणाऱ्या तिकिटाची भरपाई कोणी देत नाही.

एकदा मंजुरी मिळाली की काम संपले, असेही नाही. मंजूर ईस्टा दोन वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर चालतो. मात्र या सगळ्या काळात तो रोज नव्याने याद्यांशी पडताळला जातो. नवी नोंद आली तर आज मंजूर असलेला ईस्टा उद्या रद्द होऊ शकतो. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहून घ्यावी, ती याचसाठी.

आता तुमच्या जहाजाकडे वळू. 2015 च्या डिसेंबरात अमेरिकेने व्हिसामाफीच्या कायद्यात दुरुस्ती केली. 1 मार्च 2011 रोजी किंवा त्यानंतर इराण, इराक, सुदान किंवा सीरियात जो कोणी गेला असेल, त्याला व्हिसामाफी बंद. पुढे लिबिया, सोमालिया, येमेन आणि नंतर उत्तर कोरिया त्यात आले. क्यूबासाठी तारीख वेगळी आहे, 12 जानेवारी 2021. शिवाय इराण, इराक, सुदान, सीरिया, उत्तर कोरिया किंवा क्यूबा यांपैकी एखाद्या देशाचे दुहेरी नागरिकत्व असले तरीही व्हिसामाफी नाही. अपवाद आहे तो लष्करी सेवेत किंवा सरकारी कामावर पूर्णवेळ नोकरीत असताना गेलेल्यांना. व्यापारी जहाजावरचा खलाशी त्यात बसत नाही.

फॉर्मवरचा प्रश्न ‘प्रवास केला किंवा उपस्थित होता का’ असा आहे. ‘मी जहाजातून खाली उतरलोच नाही, शोअर पास (बंदरावर उतरण्याचा परवाना) घेतला नव्हता’ हा युक्तिवाद गोव्यातले अनेक तारवटी, म्हणजे खलाशी, करतात. तो मांडायला त्या फॉर्मवर जागा नाही आणि मांडून काही साधतही नाही. जहाज बंदर अब्बासच्या धक्क्याला लागले, तुमच्या सीडीसीत (खलाशाच्या सेवापुस्तिकेत) त्या काळातली नोकरी नोंदलेली आहे, एवढे पुरे. उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागेल आणि मग ईस्टा नाकारला जाईल हे धरून चाला. तो नकार पुढे व्हिसाच्या डीएस-160 फॉर्मवरही सांगावा लागतो, तिथे ‘ईस्टा कधी नाकारला गेला आहे का’ असा स्वतंत्र प्रश्न व्हिसामाफी देशांच्या नागरिकांना असतो. मग पैसे घालून आणखी एक नकार पदरात का पाडून घ्यायचा?

ही दुरुस्ती व्हिसामाफीपुरतीच आहे, हे मात्र नीट लक्षात घ्या. इराणला लागलेल्या जहाजावर काम केले म्हणून बी-1/बी-2 व्हिसा मिळत नाही, असे कायदा म्हणत नाही. मुलाखतीला जाताना सीडीसी, कंपनीचे सेवा-प्रमाणपत्र आणि त्या काळात कोणत्या बंदरांना किती दिवस होतो याची एका पानाची टाचण सोबत ठेवा. ‘मर्चंट नेव्ही, कार्गो, मालाची चढउतार’ एवढे सरळ सांगितले की अधिकाऱ्याला चित्र स्पष्ट होते. अडखळत, तारखा चुकवत सांगितले की चित्र बिघडते. इराकमधल्या करबला-नजफच्या यात्रेला गेलेल्या ब्रिटिश पासपोर्टधारकांना किंवा लिस्बनहून क्यूबातल्या व्हारादेरोला सुट्टीवर जाऊन आलेल्या पोर्तुगीजांनाही हेच लागू. क्यूबाची एक आठवड्याची सहल ईस्टा घालवते, हे पर्यटन कंपनी तिकीट विकताना सहसा सांगत नाही.

एक जोडटीप. तुम्ही अजून जहाजावर असता आणि अमेरिकेत जहाज पकडायला जाणार असता, तर इराण असो वा नसो, ईस्टा चाललाच नसता. खलाशी म्हणून प्रवेशाला सी-1/डी व्हिसा लागतो, मग पासपोर्ट पोर्तुगालचा असो की भारताचा. क्रूझवर कामाला जाणारे पोर्तुगीज पासपोर्टवाले गोवेकर इथे हमखास गफलत करतात.

जुन्या नकाराबद्दल. फॉर्मवरचा प्रश्न ‘सध्याच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर’ असे स्पष्ट म्हणतो आणि कधी, कुठे नाकारला तेही विचारतो. मुंबईत 214(बी) खाली, म्हणजे ‘परत याल असे पटले नाही’ या कारणाने, नाकारलेला व्हिसा हा नकारच. 221(जी) ची रंगीत चिठ्ठी देऊन कागद मागितले आणि पुढे तुम्ही ते दिलेच नाहीत, तरीही तो नकार म्हणून नोंदला जातो आणि सांगावा लागतो. आता नवा देश, नवा पासपोर्ट, नाव थोडे वेगळे, कोणाला कळणार, असा विचार मनात येतो. कळते. व्हिसाच्या वेळी तुमच्या दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतलेले असतात आणि अमेरिकेत उतरल्यावर पुन्हा ठसे घेतले जातात. ईस्टा खोट्या उत्तरावर मंजूर झालाच, तर खरी अडचण न्यू जर्सीच्या नेवार्क विमानतळावर, काउंटरपुढे उभी राहते. नकार स्वतः फार मोठा दोष नसतो, वर्षे लोटली आणि परिस्थिती बदलली की तो मागे पडतो. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती मात्र कायमच्या बंदीचे कारण होऊ शकते आणि ती उठवायला वेगळी माफी मागावी लागते.

आता पत्नी आणि मुलाचा फॉर्म. इथे खरा कस संशयितपणाचा लागत नाही, नोंदींच्या जुळणीचा लागतो, आणि गोव्याहून पोर्तुगालमार्गे युरोपात आलेल्यांच्या नोंदी फारच क्वचित सरळ जुळतात.

अर्ज कुठे करायचा ते आधी. अमेरिकी सरकारचे संकेतस्थळ ‘डॉट गव्ह’वर संपते, नाहीतर त्यांचे अधिकृत मोबाइल ॲप. शोधयंत्रात ईस्टा टाकले की वरच्या जागी जाहिराती येतात, त्यातली बरीच संकेतस्थळे खासगी दलालांची असतात. तेच फॉर्म भरून देतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, काही तर पासपोर्टची छायाचित्रे घेऊन गायब होतात. सरकारी शुल्क सुरुवातीला शून्य होते, 2010 मध्ये 14 डॉलर झाले, 2022 मध्ये 21 आणि 30 सप्टेंबर 2025 पासून 40 डॉलर. त्यात महागाईनुसार किरकोळ वाढ होत राहते, तेव्हा भरताना पडद्यावरचा आकडा पाहा. अर्ज नाकारला तर पूर्ण रक्कम कापली जात नाही, फक्त प्रक्रियेचा भाग जातो.

पासपोर्ट हातात घ्या आणि फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी पाहा. प्रत्येकी 44 अक्षरांच्या या ओळी यंत्राने वाचायच्या असतात आणि विमान कंपनीचे स्कॅनर नेमक्या याच वाचते. नाव याच ओळींतले टाका. वरच्या भागात ‘ã’ किंवा ‘ç’ अशी खुणांची अक्षरे असतील तर खाली ती साध्या रूपात आलेली असतात. पासपोर्ट क्रमांक दुसऱ्या ओळीच्या पहिल्या नऊ जागांत असतो, दहावा अंक ताळ्याचा असतो. तो क्रमांकाचाच भाग समजून टाकला की अख्खा अर्ज चुकीच्या पासपोर्टवर जातो. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक. अर्ज मंजूर होतो, ईमेल येते, सगळे खूश. आणि हीथ्रोच्या काउंटरवर पडद्यावर ‘ईस्टा नाही’ असे येते, कारण त्या क्रमांकाचा पासपोर्ट जगात दुसऱ्याच कोणाचा किंवा कोणाचाच नसतो. भरून पाठवल्यावर पासपोर्ट क्रमांक दुरुस्त होत नाही, पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करावा लागतो. ईमेल, फोन, अमेरिकेतला पत्ता एवढेच नंतर बदलता येते.

‘इतर नावे’ हा रकाना मोकळा सोडू नका. भारतीय पासपोर्टवर ‘नाईक’ हे इंग्रजीत ‘के’ने संपत होते आणि पोर्तुगालच्या जन्मनोंदीत ते ‘क्यू-यू-ई’ने संपते, किंवा भारतात एकच ‘फर्नांडिस’ होते आणि आता आईचे माहेरचे आडनावही मध्ये आले आहे, अशी उदाहरणे घरोघरी आहेत. पूर्वीची सगळी रूपे द्या, लग्नापूर्वीचे आडनावही. जास्त नावे दिल्याने संशय वाढेल अशी भीती वाटते, पण होते उलटे. न दिलेले नाव दुसऱ्या नोंदीत सापडले की अर्ज माणसाच्या हाती जातो.

नागरिकत्वाचे तीन प्रश्न येतात आणि इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. सध्या दुसऱ्या देशाचे नागरिक आहात का? पूर्वी कधी होतात का? दुसऱ्या देशाने कधी पासपोर्ट किंवा प्रवासाचे ओळखपत्र दिले आहे का? भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हे नाव कसेही वाटले तरी नागरिकत्व नव्हे. म्हणून पत्नीने भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केला असेल, तर पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘हो, भारत’ आणि तिसऱ्याला ‘हो, भारत’ असे येईल, जुन्या पासपोर्टचा क्रमांकही मागतात. जुना पासपोर्ट रद्द करून घेतला त्याची छायाप्रत कपाटात असेल तर ती काढून ठेवा, क्रमांक तिच्यावर आहे. ओसीआय आहे म्हणून ‘सध्या भारताचा नागरिक’ लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्याने ईस्टा जात नाही, पण चुकीची नोंद कायमची राहते. जन्मदेश पासपोर्टवर जसा आहे तसाच टाकायचा, त्यावर इतिहासाचा वाद घालू नये.

पासपोर्टबद्दल आणखी दोन अटी. तो ई-पासपोर्ट हवा, म्हणजे आत चिप असलेला, ही अट 1 एप्रिल 2016 पासून सरसकट आहे. पोर्तुगाल आणि ब्रिटनचे चालू पासपोर्ट त्यात बसतात. तात्पुरते दिलेले आपत्कालीन पासपोर्ट बसतीलच असे नाही. मुलगा ‘ब्रिटिश सिटिझन’ आहे ना, हेही पाहा. ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन किंवा बीएनओ (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज) पासपोर्टला व्हिसामाफी नाही.

गुन्ह्यांच्या प्रश्नांबद्दल ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. ब्रिटनच्या कायद्यात ठरावीक काळानंतर शिक्षा ‘स्पेंट’ होते, ती नोकरीच्या अर्जात सांगावी लागत नाही. अमेरिकेचा कायदा ही सवलत मानत नाही. अमली पदार्थांचा प्रश्न ‘कायदा मोडला का’ असा आहे, शिक्षा झाली का असा नाही. गांजासाठी पोलिसांनी दिलेली ‘कॉशन’ म्हणजे औपचारिक ताकीदही त्यात येते. मालमत्तेचे किंवा माणसाचे गंभीर नुकसान झालेल्या गुन्ह्याचा प्रश्न वेगळा आहे, त्यात अटकेचाही उल्लेख आहे. ज्यांचे उत्तर ‘हो’ येते, त्यांनी सरळ व्हिसाकडे वळावे.

समाजमाध्यमांचा रकाना 2016 पासून ऐच्छिक आहे. पाच वर्षांची खाती सक्तीने मागण्याचा प्रस्ताव डिसेंबर 2025 मध्ये जाहीर झाला, त्यामुळे तुम्ही भराल तेव्हा तो रकाना सक्तीचा आहे का, हे पडद्यावरच पाहा.

आता काउंटर. विमान कंपनी तुमचा पासपोर्ट वाचते आणि ती माहिती अमेरिकेला पाठवते, तिथून प्रत्येक प्रवाशामागे उत्तर येते. चढू द्या, किंवा थांबवा. थांबवा आले की समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातात काही उरत नाही, त्याच्याशी वाद घालून वेळ घालवू नका. नेहमीचे कारण एकच, पासपोर्ट नवा आला आणि ईस्टा जुन्याच क्रमांकावर राहिला. नवा पासपोर्ट, नाव बदलले, नागरिकत्व बदलले किंवा हो-नाहीच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर बदलले, या प्रत्येक वेळी नवा ईस्टा. तिथेच उभ्याने मोबाइलवर नवा अर्ज करून तासाभरात मंजूर झालेली माणसे आहेत, विमान चुकलेलीही आहेत. बोर्डिंग पासवर चार वेळा ‘एस’ छापून आले तर घाबरू नका, तो ईस्टाचा भाग नाही. ती उड्डाण-सुरक्षेची वेगळी छाननी आहे, जिच्यासाठी कंपनी तुमचे नाव, जन्मतारीख आणि लिंग 72 तास आधीच पाठवते. दर वेळी तेच होत असेल, तर गृहसुरक्षा विभागाच्या ‘ट्रिप’ नावाच्या तक्रार-निवारणाकडे अर्ज करून रिड्रेस क्रमांक घ्यावा आणि पुढच्या तिकिटावर टाकावा. त्यांच्याकडून कारण कळेल ही अपेक्षा ठेवू नका, ते कारण सांगत नाहीत. नावसाधर्म्याने अडकलेल्यांचा गुंता मात्र त्याने सुटतो.

डब्लिनमार्गे जाणार असाल तर अमेरिकेचे इमिग्रेशन डब्लिनलाच उरकते, आई अबुधाबीमार्गे आल्या तर त्यांचे अबुधाबीला. दोन विमानांत चांगले तीन तास ठेवा. मंजूर ईस्टा हा विमानात चढण्याचा परवाना आहे, देशात घ्यायचे की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. लग्नाला चाललो आहोत, अमुक तारखेला परत, राहण्याचा पत्ता हा, एवढे उत्तर पुरते. मदतीला म्हणून चुलतबहिणीच्या दुकानात बसणार आहोत, असे गंमतीतही बोलू नये.

मुक्काम 90 दिवस, एकही जास्त नाही. मुदतवाढ मिळत नाही. मध्येच टोरंटोला चार दिवस जाऊन आले म्हणून नवे 90 सुरू होत नाहीत, कॅनडा, मेक्सिको आणि जवळच्या बेटांवरचे दिवस त्याच 90 मध्ये धरतात. एक दिवस जरी जास्त राहिले तरी पुढे आयुष्यभर व्हिसाच मागावा लागतो. ईस्टाने प्रवेश घेताना हद्दपारीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आपण जवळपास सोडून देतो, आश्रयाची मागणी तेवढी उरते. आजारपण किंवा विमाने बंद पडणे अशा प्रसंगी 30 दिवसांपर्यंत सवलत मागता येते, पण 90 संपण्याच्या आत.

हे सगळे देश-देश करारावर उभे आहे, म्हणून कालचा नियम आज असेलच असे नाही. योजनेत येण्यासाठी त्या देशाच्या नागरिकांचे पर्यटक-व्हिसा नाकारले जाण्याचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आत असावे लागते, आणि राहण्यासाठी हरवलेले पासपोर्ट लगेच कळवावे लागतात, गुन्हेगारी आणि दहशतवादाची माहिती द्यावी लागते. सध्या 42 देश आहेत, कतार शेवटचा. रोमानियाला जानेवारी 2025 मध्ये घेतले आणि मे महिन्यात ते मागे घेतले. हंगेरीचे उदाहरण गोवेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. परदेशातल्या वंशजांना ओळख नीट न तपासता नागरिकत्व दिले, या कारणावरून ऑगस्ट 2023 पासून हंगेरियनांचा ईस्टा एका वर्षाचा आणि एकाच प्रवासाचा करून टाकला होता. तो पूर्ववत व्हायला सप्टेंबर 2025 उजाडला. पोर्तुगालवर असे काही आलेले नाही. पण जन्मनोंदीत जुन्या कागदांची खाडाखोड करणाऱ्यांमुळे प्रामाणिक माणसांचे पासपोर्टही एक दिवस अडचणीत येतील, हे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

परतीचा विचार प्रवासाआधीच करा, कारण ब्रिटननेही हाच मार्ग धरला आहे. तिथला इटीए, म्हणजे ईस्टासारखीच प्रवासाआधीची मंजुरी, युरोपीय नागरिकांना 2 एप्रिल 2025 पासून लागू झाला. 9 एप्रिल 2025 पासून शुल्क 16 पौंड होते आणि ते वाढवण्याची घोषणा झालेली आहे. मुदत दोन वर्षे, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मुक्काम. तुम्हाला आणि पत्नीला ब्रिटनमध्ये राहण्याचा सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा आहे, म्हणून इटीए लागत नाही. अडचण दुसरीच येते. हा दर्जा डिजिटल आहे आणि तो तुमच्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात नोंदलेल्या पासपोर्टशी जोडलेला असतो. पासपोर्टचे नूतनीकरण झाले आणि खात्यात नवा क्रमांक टाकला नाही, तर नेवार्कच्या काउंटरवर विमान कंपनीला तुमच्या नावापुढे काहीच दिसत नाही आणि ती इटीए मागते. निघण्यापूर्वी खात्यात जाऊन पासपोर्ट क्रमांक तपासा, बदलला असेल तर नोंदवा आणि शेअर कोड, म्हणजे दर्जा दुसऱ्याला दाखवण्याचा क्रमांक, काढता येतो का ते पाहा. तुम्ही पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तर पोर्तुगीज पासपोर्टवर इटीए काढून येण्याची सोय राहत नाही. 25 फेब्रुवारी 2026 पासून विमान कंपन्यांना हे काटेकोर पाहायला सांगितले आहे, ब्रिटिश पासपोर्ट किंवा हक्काचा दाखला सोबत हवाच.

मुलाला पोर्तुगालला आजोळी नेणार असाल तर युरोपचा एटिआस, म्हणजे तिथली ईस्टासारखी मंजुरी, त्याला लागेल, ब्रिटिश पासपोर्टवर जात असेल तर. 2018 च्या नियमावलीतला हा प्रकार वारंवार पुढे ढकलला गेला, आताची घोषणा 2026 च्या अखेरच्या तिमाहीची आहे. शुल्क 20 युरो, 18 च्या खालच्यांना आणि 70 च्या वरच्यांना माफ, पण अर्ज त्यांनाही करावा लागेल. मुदत तीन वर्षे. अजून अर्ज सुरूच नसताना ‘आत्ताच एटिआस काढून देतो’ म्हणणारी संकेतस्थळे आहेत, त्यांना पैसे देऊ नका. चुलतबहिणीकडे ग्रीन कार्ड असेल आणि लग्नानंतर सगळे नायगाराच्या कॅनडा बाजूला जायचा बेत असेल, तर भारतीय पासपोर्टवरच्या ग्रीन कार्डधारकाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही आणि एप्रिल 2022 पासून कॅनडाची ऑनलाइन मंजुरी, ईटीएही लागत नाही, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही दाखवायचे. आईंना मात्र कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल, बेत आखताना त्यांना बसवून ठेवू नका.

राहता राहिल्या आई. गोवा मुंबईच्या वकिलातीच्या कार्यक्षेत्रात येतो. डीएस-160 मध्ये किंवा मुलाखतीत विचारले तिथे ‘मुलगा पोर्तुगीज नागरिक, ब्रिटनमध्ये’ असे स्पष्ट सांगा, लपवू नका. लग्नपत्रिका, गोव्यातले घर, पेन्शन किंवा भाडे, परतीची तारीख याबद्दल त्यांना स्वतःच्या तोंडाने, मराठीत किंवा कोकणीत का होईना, दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. मुंबईत मुलाखत मराठीतही घेतली जाते, तसे आधी निवडता येते. फॉर्म तुम्ही स्विंडनहून भरलात तर त्यात ‘दुसऱ्याने भरण्यास मदत केली’ या खुणेपुढे तुमचे नाव टाका आणि भरलेल्या फॉर्मची प्रत त्यांना वाचून दाखवा. मुलाखतीत विचारलेले उत्तर आणि फॉर्मवरचे उत्तर वेगळे निघाले, तर तुमच्या जुन्या नकाराशेजारी घरात दुसरा नकार येऊन बसेल.